शेऱ्याचा रकाना

आमच्या शहराला तीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार होती. तीस वर्षांच्या गावाला कसला आलाय इतिहास, असं माझं आपलं मत. आमच्या घरातली इस्त्री याहून जुनी आहे. पण माझं मत विचारायला कुणी आलं नव्हतं. आली होती ती स्मरणिकेची संपादक, पंचविशीतली मुलगी, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर लॅपटॉपची बॅग. तिला हवा होता माझा फोटो आणि एका कागदावर सही.

"काका, या शहराचे पहिले मोजणीदार तुम्हीच ना?" तिनं विचारलं.

"पहिला दुसराच होता. तो आजारी पडला म्हणून मला पाठवलं."

ती हसली आणि तेही लिहून घेतलं. हल्ली लोक सगळंच लिहून घेतात.

आमचं शहर कसं आहे ते बाहेरच्याला सांगणं अवघड आहे. मोठ्या शहरापासून बसनं तासाभराच्या अंतरावर, सरकारनं एके दिवशी नकाशावर बोट ठेवलं आणि म्हटलं, इथे उद्याचं जग उभं करा. आधी टेलिफोनचे सुटे भाग जोडणारा एक कारखाना आला. मग कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कंपन्या आल्या, मग परदेशातल्या लोकांची गाऱ्हाणी फोनवर ऐकून घेणाऱ्या. आता माणसं कमी आणि मशीनं जास्त असा कारभार आहे. रस्त्यांना नावं नाहीत, टप्पे आहेत. "टप्पा तीन, गेट चार, काचेची इमारत," असा पत्ता सांगतात, आणि इमारती तर सगळ्याच काचेच्या. कॉफीची सात दुकानं आहेत, पण चपलेचा अंगठा तुटला तर शिवून देणारा एकही नाही. शनिवार-रविवार रस्ते असे रिकामे असतात की कुत्रीसुद्धा कंटाळतात. आणि स्मशानभूमी मूळ आराखड्यात नव्हतीच. बारा वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की इथे राहायला आलेली माणसं मरूही शकतात. मग घाईघाईनं टप्पा पाचच्या मागे एक तुकडा काढला. मीच मोजला तो, म्हणून ठाऊक आहे.

संपादकबाईंनी लॅपटॉप उघडून मला पहिलं पान दाखवलं. मथळा होता, "पडीक माळरानावर उगवलेलं भविष्य". मग तिनं सातवं पान दाखवलं. तिथे एक चौकट होती आणि वर लिहिलं होतं, "एका प्रामाणिक मोजणीदाराची गोष्ट".

"ही तुमच्या मामेबहिणीनं सांगितली," ती म्हणाली. "मला तर वाचताना रडूच आलं. तुमच्या मामांचं रान पडीक नव्हतं, तसं तुम्ही शेऱ्यात लिहिलंत आणि वरच्या साहेबांनी ते खोडलं. बरोबर ना? फक्त हे खरं आहे एवढं लिहून खाली सही करा. शुक्रवारी छपाईला जायचंय."

मी म्हटलं, चष्मा सापडत नाहीये. चष्मा माझ्या नाकावर होता. ती पोरगी भली. कागद टेबलावर ठेवून गेली.

आता खरं काय झालं ते सांगतो.

बत्तीस वर्षांपूर्वी मी नोकरीला नवा होतो. कायम व्हायला तीन महिने बाकी होते आणि मला नाकासमोर चालणारा माणूस म्हणून ओळखलं जावं एवढीच माझी इच्छा होती. मोजणीसाठी जो पट्टा दिला गेला त्यात माझ्या मामांचंही रान होतं. माझं अर्धं बालपण त्या रानात गेलेलं. आई वारल्यावर दोन वर्षं मी मामांकडेच होतो. मामींच्या हातचं जेवलो, मामांच्या खांद्यावर बसून बांधावरून फिरलो. त्या भागातले लोक दोन वर्षं पेरायचे आणि तिसऱ्या वर्षी रान पड ठेवायचे. नांगरून ठेवायचं, पण पेरायचं नाही, मातीला एक वर्ष विसावा द्यायचा. मामा मला लहानपणी म्हणायचे, "हळू चाल, रान झोपलंय." पड ठेवलेलं रान आणि पडीक रान यांत झोपलेल्या आणि मेलेल्या माणसाइतका फरक. लांबून दोघंही सारखेच दिसतात.

आम्ही मोजायला गेलो ते नेमकं तिसरं वर्ष होतं. तक्त्यात रकाने ठरलेले: क्रमांक, क्षेत्र, हद्दी, मग "लागवडीखाली" किंवा "पडीक", आणि सगळ्यात शेवटी शेरा. हुकूम असा की मोजणीच्या दिवशी डोळ्यांना दिसेल ते लिहायचं. पीक उभं नसेल तर पडीक. मात्र मोजणीदाराला आणखी काही माहीत असेल तर ते शेऱ्यात लिहायचं आणि साहेब त्यावर निर्णय घेणार. मामांच्या आजूबाजूच्या अकरा रानांत त्या वर्षी पीक नव्हतं. अकराही ठिकाणी मी शेऱ्यात लिहिलं, "तिसऱ्या वर्षाची पड, नांगरट ताजी, लागवडीखाली धरावे."

बारावं रान मामांचं. मोजणीच्या फितीचं दुसरं टोक स्वतः मामांनीच धरलं होतं. मी पडीक लिहिलं आणि शेऱ्याचा रकाना कोरा सोडला.

का, म्हणाल तर त्याचं कारण इतकं क्षुल्लक आहे की सांगायला लाज वाटते. लोक म्हणतील, भाच्यानं मामाचं काम केलं. माझ्याबरोबर फीत ओढणारे दोघं होते, त्यांना आमचं नातं ठाऊक होतं. उद्या कचेरीत कुजबुज होईल, कुणी अर्ज करेल, माझ्या कायम होण्यात खोडा येईल. आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मोठी गोष्ट दुसरीच होती. मला आवडलं ते. आपल्या सख्ख्या मामालाही आपण सोडलं नाही, असा मी मलाच दिसलो आणि मला फार बरं वाटलं.

साहेबांनी तक्ता पाहिला. साहेब म्हणजे उंच, कमी बोलणारा, दुपारी डबा खाऊन झाल्यावर स्वतःचा डबा स्वतः धुणारा माणूस.

"हे रान तुमच्या मामांचं ना?"

"हो साहेब."

"बाकी अकराला शेरा आहे, याला नाही. मी जीपमधून बघितलं ते. माती मला सगळीकडे सारखीच वाटली."

"जे दिसलं ते लिहिलं साहेब."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नीट आठवून सांगा. घाई नाही."

"आठवूनच सांगतोय."

त्यांनी सही केली. संध्याकाळी मी बायकोला ऐटीत सांगितलं की आज मी मामाचंही तोंड पाहिलं नाही. ती भांडी विसळत होती. म्हणाली, "मामांचं नाही पाहिलंत, पण आरशात मात्र पुष्कळ वेळ पाहिलेलं दिसतंय." मी रागावून जेवलो नाही. ती बाई मला पहिल्या दिवसापासून ओळखून होती.

आठ महिन्यांनी हुकूम निघाला. ज्यांची जमीन लागवडीखाली, त्यांना नव्या शहरात एकेक भूखंड. पडीकवाल्यांना नुसती नुकसानभरपाई आणि रामराम. तक्त्यात दुरुस्ती करायला कचेरीला दोन महिन्यांची मुदत होती. त्या दोन महिन्यांत एकदा साहेबांच्या खोलीत जाऊन "माझं चुकलं" एवढं म्हणता आलं असतं. साहेब ओरडले नसते. पण मी नुकताच कायम झालो होतो, आणि आपणच लिहिलेलं आपणच खोडायचं म्हणजे आपण पहिल्यांदा खोटं लिहिलं असं कबूल करायचं. मी रोज उद्यावर ढकललं. माणूस उद्यावर ढकलतो ते दिवस कुठे जमा होतात कोण जाणे. साठ दिवस संपले.

शाळेच्या भिंतीवर यादी लागली तेव्हा मी तिथेच होतो. मामांनी यादीवरून बोट फिरवलं, वरून खाली, पुन्हा खालून वर. शेजारचे अकराही जण होते, मामा नव्हते. मला वाटलं, आता माझी गचांडी धरतील. मामा माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू लिहिलं असशील, मला माहीत आहे. वर कुणीतरी खोडलं."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. फक्त खाली बघितलं, आणि अशा वेळी खाली बघणं म्हणजे होच.

त्या अकरा जणांच्या भूखंडांवर आज चार-चार मजले आहेत. कंपन्यांतली पोरं तिथे भाड्यानं राहतात. एकाचा नातू तर स्वतःच अशा कंपनीत मोठा आहे, इंग्रजीत शिव्या देतो. मामा शहराच्या हद्दीबाहेर दोन खोल्यांत गेले आणि नंतर पंधरा वर्षं याच शहरात माळीकाम करत होते. चौकाचौकातली जी गोल हिरवळ पाहुणे फोटोत काढतात, ती त्यांच्या हातची. जाता-येता मी त्यांना बघायचो. ते खुरपं वर करून हात हलवायचे आणि बरोबरच्या माळ्यांना सांगायचे, "हा माझा भाचा. यानं आमच्यासाठी लिहिलं होतं, पण साहेब खत्रूड निघाला." मी स्कूटरचा वेग वाढवायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, हे मला विचारा.

मामांच्या रानावर आधी वाहनतळ होता. आता तिथे डेटा सेंटर आहे, खिडक्या नसलेली लांबलचक इमारत. आत माणसं मोजून नऊ, बाकी सगळी मशीनं. ती घरघरत असतात आणि कधीच बंद होत नाहीत. त्यांना तिसरं वर्ष नाही.

तर त्या कागदावर सही करायची की नाही, एवढाच प्रश्न होता. खोटेपणा उघडा पडण्याची भीती नव्हती. जुने तक्ते कचेरीनं कधीच रद्दीत घातले, फीत ओढणारे दोघंही गेले, साहेब गेले, बायको गेली. खरं माहीत असलेला जगात एकच माणूस उरला होता आणि तो रोज सकाळी माझ्याच आरशात दाढी करत होता. सही केली असती तर मामांना शहाऐंशीव्या वर्षी छापील कागदावर न्याय मिळाला असता. मलाही मान मिळाला असता. पण त्यासाठी साहेबांना कायमचं काळं फासावं लागणार होतं, आणि मामांच्या हातात मी माझ्याच खोट्याची छापील प्रत ठेवणार होतो. गुरुवारी दुपारी मी कागद खिशात घालून मामांकडे गेलो.

मामेबहीण एका कंपनीत सफाईच्या बायकांची मुकादम आहे, मामा हल्ली तिच्याकडेच असतात. त्या दिवशी तिची सुट्टी होती. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, दारात चपलांची रांग, आत पंख्याखाली खुर्चीत मामा. मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मी उंबऱ्यातच थांबलो.

"ये रे मोजणीदार," मामा म्हणाले. "ऐकलंस का, आपलं नाव छापून येतंय. उशीर झाला, पण आलं."

मी इकडचं तिकडचं बोललो. त्यांचे गुडघे, पंख्याचा आवाज, जिन्यातला दिवा. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी खोड. शेवटी मामेबहीणच म्हणाली, "दादा, सही केलीस ना? त्या मुलीचे मला तीन फोन येऊन गेले."

"नाही केली," मी म्हटलं. "ते खरं नाही म्हणून नाही केली. मामा, साहेबांनी काही खोडलं नव्हतं. मी लिहिलंच नव्हतं."

मामांना नीट ऐकू येतं, तरी मला वाटलं, ऐकू गेलं नसावं. मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून सगळं. साहेबांनी विचारलं तेही, दोन महिन्यांची मुदत होती तेही.

"शेजारच्याच्या रानाला लिहिलंस?" मामांनी विचारलं.

"लिहिलं."

"त्याच्या पलीकडच्या?"

"अकराही जणांना लिहिलं."

"आणि मला का नाही?"

"लोक म्हणाले असते, मामाचं होतं म्हणून लिहिलं."

मामांनी हे मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं असावं. ओठ हलले. मग म्हणाले, "म्हणजे मी परका असतो तर लिहिलं असतंस."

मी हो म्हटलं. यावेळी खाली बघितलं नाही. तेवढं तरी मामांचं देणं लागत होतो.

मामेबहीण ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "तीस वर्षं गप्प बसलास," ती म्हणाली, "मग आणखी चार दिवस जड झाले तुला? बाबा खूश होते रे. त्या पानाच्या नादात दोन दिवस नीट जेवत होते. तुला मोकळं व्हायचं होतं, झालास मोकळा. यांनी आता काय करायचं?"

तिचं खरं होतं. येताना मला वाटलं होतं, मी मामांसाठी येतोय. माझ्या प्रामाणिकपणाचं हे असंच आहे. त्याचा हिशेब दर वेळी दुसऱ्यालाच चुकवावा लागतो.

मामांनी हात वर करून तिला थांबवलं. मला वाटलं, आता जमिनीचं काढतील. भूखंड, शेजाऱ्यांचे चार मजले, पंधरा वर्षं खुरपं घेऊन उन्हात बसणं. मी ऐकायची तयारी करून आलो होतो. पण मामा जमिनीचं काही बोललेच नाहीत.

"तुझा साहेब आला होता एकदा," ते म्हणाले. "आम्ही हद्दीबाहेर राहायला गेलो त्याच उन्हाळ्यात. जीप बंद पडली होती म्हणे. भर दुपारी चालत आला, शर्ट घामानं चिकटलेला. दारात उभा राहून म्हणाला, बाबा, थोडं पाणी मिळेल का? भरलेला माठ माझ्या शेजारीच होता. त्याला दिसत होता. मी म्हणालो, तुमच्यासाठी नाही."

मामेबहिणीनं त्यांच्याकडे बघितलं. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

"मला ओळखलंही नसेल त्यानं. बरं म्हणाला आणि तसाच उन्हात चालत गेला." मामा थांबले. "माझ्या दारातून पाण्यावाचून कुणी गेलेलं नाही रे. तो एकटाच गेला. आणि त्याचा मला अभिमान होता. रान गेलं, घर गेलं, पण त्या माणसाच्या तोंडावर एवढं तरी म्हणालो, असं वाटायचं. कधी फार वाईट वाटलं की मी तेच आठवायचो. त्याच्यावर इतकी वर्षं काढली मी."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आहे का तो?"

"नाही मामा. आठ वर्षं झाली."

मामांनी मान हलवली. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडेच बघत बसले. मामेबहीण आतून चहा घेऊन आली, माझ्यासमोर कप ठेवला, तो तसाच निवला. मी उठलो. चपला घालताना मुद्दाम वेळ लावला, एकदा काढून पुन्हा घातल्या. लहानपणापासून मी त्यांच्या घरून कधीही निघालो तरी मामा म्हणायचे, बस की अजून, काय घाई आहे. त्या दिवशी ते तसं म्हणाले नाहीत.